लोकच हल्ली पुटपुटतात

ऑफिसात त्याला सगळे कविराज म्हणत. आता कविराज म्हणजे कुणी कवी नव्हे हं, तसा गैरसमज नको. कॉलेजात असताना त्यानं चार कविता केल्या होत्या आणि एकदा भरात येऊन त्या मालकांना वाचून दाखवल्या. तेवढ्यावर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याचं खरं काम म्हणजे जाहिरातीची पत्रकं लिहिणं. मालकांची कंपनी वस्तू घरपोच विकायची. टाचदुखीवर बुटात घालायचे तळवे, गुडघ्याचे पट्टे, केस गळू न देणारं तेल, पाठीला टेकू देणारी उशी, असलं सगळं. यातलं एकही घेतलं नाही तर कुणाचं काही अडायचं नाही. पण घेतलं नाही तर आपलं काही खरं नाही, असं वाचणाऱ्याला वाटायला लावायचं, हे कविराजचं काम. आणि ते त्याला भलतंच जमायचं.

कसं जमायचं, ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या टेबलासमोर एक जुनी लाकडी खुर्ची होती, एक पाय जरा आखूड असलेली. लिहायला बसला की तो मनातल्या मनात आपल्या थोरल्या बहिणीला आणून त्या खुर्चीत बसवायचा. ही युक्ती त्याला या धंद्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादानं शिकवली होती. हजारांसाठी लिहू नकोस, असं तो म्हणायचा, एकाच माणसासाठी लिही, ज्याला तू आतून-बाहेरून ओळखतोस. कविराज असं एकाच माणसाला ओळखत होता. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं, तापात उशाशी बसली, आणि त्याच्या पायी स्वतःचं लग्न लांबवता लांबवता ते राहूनच गेलं. त्यामुळे ताईला कशाची भीती वाटते, कशाचा राग येतो, कोणत्या शब्दानं ती विरघळते, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. दुसऱ्यावर ओझं होऊन राहावं लागेल, ही तिची मोठी भीती. आणि कुणी कीव केलेली तिला खपायची नाही.

खुर्चीतली ताई म्हणायची, "मला नको बाई असलं काही." लगेच कविराज लिहायचा, 'तुम्ही म्हणाल, मला नको असलं काही. बरोबर आहे तुमचं.' ती म्हणायची, "विकणाऱ्याचं काय जातंय बोलायला?" तो लिहायचा, 'विकणाऱ्याचं काय जातंय, असं वाटलं ना? वाटणारच. तुम्ही काही भोळ्या नाही.' असं करत करत खुर्चीतली ताई गप्प झाली, की पत्रक पुरं झालं.

खऱ्या ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला त्यानं सांगून ठेवलं होतं, की तो यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. कुठलं बटण कधी दाबायचं, पाणी कुठे घालायचं, वगैरे. ताई शेजारणीला मोठ्या कौतुकानं सांगायची, "आमचा धाकटा लोकांच्या उपयोगाचं लिहितो." हे ऐकलं की तो कानकोंडा व्हायचा, विषय बदलायचा आणि चहा मागायचा.

तर एक दिवस मालकांनी त्याच्या टेबलावर एक लहानशी बाटली ठेवली. कानात घालायचे थेंब.

"यात काय आहे?" कविराजनं विचारलं.

"तेल आहे, वास आहे," मालक म्हणाले. "घातलं तर नुकसान नाही. विकलं नाही तर मात्र आपलं आहे."

दोन दिवस त्याच्या डोक्यात काही शिरेना. खुर्चीतली ताईही हाताची घडी घालून बसली होती, कारण ऐकण्याच्या बाबतीत तिला काही शिकवायला जाणं म्हणजे कमालच. तिनं एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून, समोरच्या बोर्डात खुंट्या खुपसत, या गावाला त्या गावाशी जोडत. पलीकडचा माणूस नुसता 'हॅलो' म्हणाला तरी तो उपाशी आहे की भांडून आलाय हे ती सांगायची. सगळ्या खात्यात तिच्या कानाचा बोलबाला होता.

त्या रविवारी तो तिच्याकडे गेला. बोलता बोलता ताईनं तीनदा "काय?" म्हणून विचारलं. चौथ्यांदा तो हसला आणि म्हणाला, "ताई, कान दाखवायला पाहिजेत तुझे."

"माझे? मला चांगलं ऐकू येतं," ताई फणकारली. "लोकच हल्ली पुटपुटतात."

तो पोट धरून हसला. आणि हसता हसताच त्यानं खिशातलं बसचं तिकीट काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूला ते वाक्य लिहून घेतलं. ताईनं विचारलं, "काय रे लिहितोस?" तो म्हणाला, "काही नाही, ऑफिसचं." लाज वाटायला हवी होती ती तेव्हाच. पण तेव्हा त्याला वाटला तो आनंद. दोन दिवस अडलेलं गाडं सुटलं होतं ना.

पत्रकाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात आलं: 'तुम्हाला चांगलं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात.' खाली त्यानं लिहिलं, की कान म्हातारे होत नाहीत, फक्त थकतात. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून थकतात. एखादे दिवशी एक कान बंद झाल्यासारखा वाटला तरी घाबरू नका. कुणाला दाखवायची घाई करू नका. कानात यंत्र अडकवायला टपलेले पुष्कळ भेटतील, आणि एकदा ते अडकलं की तुमच्याकडे बघायची लोकांची नजर बदलते. आधी तीन महिने आमचे थेंब घाला. खुर्चीतल्या ताईनं यावर चकार शब्द काढला नाही.

थेंब असे खपले, की गोदामात बाटली ठरेना. मालकांनी खूश होऊन कविराजला चाकांची, गादीची नवी खुर्ची आणून दिली. तो तीत बसून एकदा गोल फिरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर कामाचा असा सपाटा लागला, की ताईकडे जाणं राहूनच गेलं. फोन व्हायचे, पण ताई हल्ली फोन लवकर ठेवायची. "बरं बरं, ठेवते," म्हणायची, तेही भलत्याच ठिकाणी. त्याला वाटलं, आपण येत नाही म्हणून रुसली असेल. येत्या रविवारी जाऊ, असं म्हणत म्हणत सात-आठ महिने गेले. माणसं आपल्याच माणसांच्या बाबतीत असा कानाडोळा करतात, आणि वर म्हणतात वेळ मिळत नाही.

मग एक दिवस दुपारी ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताईनं न्हाणीघरातला नळ उघडा ठेवला होता, पाणी जिन्यावरून खाली आलं, आणि ताई आत आरामात वर्तमानपत्र वाचत बसली होती. शेजारीण म्हणाली, "दार ठोकून ठोकून माझे हात दुखले हो. तुम्ही एकदा येऊन बघा."

तो तसाच उठला आणि गेला. ताईनं जमीन पुसून कोरडी केली होती आणि काही झालंच नाही असा चेहरा करून चहा टाकला होता. तिच्या डाव्या बाजूला उभं राहून तो म्हणाला, "ताई, शेजारच्या काकूंचा फोन आला होता." ताई चहात साखर घालत राहिली. त्यानं पुन्हा म्हटलं. तिनं वर पाहिलंच नाही.

आणि मग त्याला भिंतीवर तो कागद दिसला. स्वयंपाकघरात खिळ्याला कपड्यांचा चिमटा लावून टांगलेला. काही ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या. खाली फळीवर तीन रिकाम्या बाटल्या, धुऊन पालथ्या घातलेल्या, आणि चौथी अर्धी भरलेली.

ताईनं त्याची नजर पाहिली. "अरे, ते होय," ती म्हणाली. "दाराखालून टाकून गेलं होतं कुणी. वाच, वाच तू. कुणीतरी शहाणा माणूस आहे बघ. मी म्हणते ना, अगदी तेच. मला वाटायचं मीच एकटी हट्टी. पण छापून आलंय म्हणजे इतरांचंही तसंच असणार."

त्यानं वाचायचं नाटक केलं. तोंडपाठ असलेला कागद वाचायचं नाटक करणं किती कठीण असतं, हे त्याला तेव्हा कळलं. डोळे कुठे थांबवायचे तेच समजेना. ताई मोठ्या आवाजात सांगत होती, की एक दिवस सकाळी उठली तर डावा कान एकदम बंद. कापूस कोंबल्यासारखा. घाबरलीच होती ती, डॉक्टरकडे जायला चप्पल घातली होती. मग हा कागद आठवला. घाबरू नका म्हणतोय, घाई करू नका म्हणतोय. म्हणून चप्पल काढली.

तिनं चप्पल काढली, हे ऐकून कविराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," तो ओरडूनच म्हणाला.

"एवढं ओरडायला काय झालं?" ताई म्हणाली. "पण येते. तू एवढा रजा काढून येणार असलास तर येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेली. तिथे काचेची एक लहान खोली होती. ताईला आत बसवून डॉक्टरबाईंनी तिच्या कानांवर यंत्र चढवलं आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ताई ताठ बसली, पदर नीट केला, मान जराशी तिरकी केली. एक्स्चेंजमधल्या जुन्या फोटोत ती अशीच बसलेली आहे. काचेतून त्याच्याकडे बघून ती हसलीसुद्धा, म्हणजे या परीक्षेत कोण पहिलं येणार ते बघ आता.

उजव्या कानाच्या वेळी तिचं बोट टकटक चाललं होतं, मधूनमधून चुकत होतं इतकंच. मग डॉक्टरबाईंनी डाव्या कानाचं बटण फिरवलं. बाहेरच्या पट्टीवर दिवा लागायचा, आवाज आत गेला म्हणून. ताईचं बोट हललं नाही. दुसरा दिवा. तिसरा. ताई अजून तशीच, मान तिरकी करून, अगदी लक्ष देऊन ऐकत होती. पाचव्या दिव्याला तो खिडकीकडे तोंड फिरवून उभा राहिला.

"एकदम गेला का डावा?" डॉक्टरबाईंनी नंतर विचारलं. ताईनं दिवस, वार, वेळ सगळं सांगितलं. सात महिने होऊन गेले होते. डॉक्टरबाई ताईच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून सावकाश म्हणाल्या, "असा एकदम जातो तेव्हा पहिल्या पंधरवड्यात औषध देता येतं. बरेचदा परत येतं ऐकू, नेहमीच नाही. आता मात्र या कानाला काही करता येणार नाही. उजव्याला आपण यंत्र लावू. तुम्ही तेव्हाच का नाही आलात?"

ताईनं पर्स उघडली, घडी घातलेला तो कागद काढला आणि डॉक्टरबाईंच्या पुढे ठेवला. शाळेत उशीर झाला तर मुलं घरची चिठ्ठी दाखवतात ना, तसा.

डॉक्टरबाईंनी उलगडूनही पाहिला नाही. "हा," त्या म्हणाल्या. "आठवड्याला दोघं-तिघं तरी घेऊन येतात हा कागद. कोण लिहितं असलं, देव जाणे. रात्री झोप कशी लागते या माणसांना?" आणि त्यांनी कविराजकडे पाहिलं, घरचा शहाणासुरता माणूस म्हणून.

आणि कविराज काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "हो ना. काय काय लोक असतात."

हे आपल्याच तोंडून निघालं यावर त्याचा विश्वास बसेना. आजवर त्यानं हजार खोटी वाक्यं लिहिली होती, पण ती टेबलापाशी बसून, समोर रिकामी खुर्ची ठेवून. हे वाक्य ताईच्या देखत निघालं होतं. ताई मान हलवत होती, आपला भाऊ आपल्या बाजूनं बोलला म्हणून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, ते काही उगीच नव्हे.

परत येताना दोघं चालत निघाली. ताईला सांगायचं, आजच सांगायचं, हे त्यानं ठरवलं. नाही सांगितलं तर ती जन्मभर कुणा परक्याला शिव्या देत राहणार आणि आपण जन्मभर 'हो ना' म्हणत राहणार. आणि सांगितलं तर? तर जगात आपल्याला धाकट्या म्हणणारं एकच माणूस आहे, तेही गमावणार. विचार करता करता तो चालण्याची बाजू बदलून तिच्या डावीकडे आला. आणि तिथून त्यानं सांगायला सुरुवात केली. माहितीपुस्तकं खोटी आहेत, पत्रकं मी लिहितो, तुझं वाक्य मी तिकिटावर उतरवून घेतलं, घाई करू नका हे मीच लिहिलं, यंत्राची तुला भीती वाटते हे मला माहीत होतं म्हणूनच लिहिलं. अगदी घडाघडा सांगितलं. ताई समोर बघत चालत होती, रस्ता ओलांडताना तिनं सवयीनं त्याचा हात धरला. सांगून झालं तेव्हा त्याला हलकं हलकं वाटलं. भित्रा कुठला. बहिऱ्या कानाशी कबुली देऊन मोकळा झाला होता.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "रस्त्यात काय बडबडत होतास रे? मला काही नीट कळलं नाही."

"काही नाही," तो म्हणाला. "ऑफिसचं."

ताईनं तोंड धुतलं, चौथी बाटली मोरीत ओतली, चिमटा काढून ठेवला. मग टेबलापाशी येऊन त्याच्यासमोर एक कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि ती समोरच्या खुर्चीत बसली.

"तू लिहिणारा माणूस आहेस," ती म्हणाली. "माझ्या वतीनं या लोकांना एक पत्र लिही. मी सांगते तसंच. त्यात तुझी अक्कल घालू नकोस."

त्यानं पेन उचललं. समोर खुर्ची, खुर्चीत ताई. इतकी वर्षं ती तिथे मनानं बसायची. खरीखुरी बसल्यावर त्याला मान वर करता येईना.

"महाशय," ताईनं सांगितलं. त्यानं लिहिलं. "तुमचा कागद वाचून मी सात महिने डॉक्टरकडे गेले नाही. माझा एक कान गेला. त्यात माझीही चूक आहे, मी काही कुक्कुलं बाळ नव्हे. पण तो कागद वाचताना मला वाटलं, की हा माणूस मला ओळखतो. मला कशाची भीती वाटते ते याला कळतं. इतकं समजून हल्ली माझ्याशी कुणी बोलत नाही. माझा भाऊसुद्धा नाही." ती थांबली. "ते भावाचं नको लिहूस. तुझ्या मनाला लागेल."

त्यानं ते लिहून टाकलं होतं. त्यानं खोडलं नाही.

"म्हणून मी विश्वास ठेवला. ओळख नसताना ओळख दाखवू नये. आणि ओळख असली तर असं वागू नये. बस, एवढंच." ताईनं चष्मा पुसला. "आता वर त्यांचं नाव-पत्ता घाल. कागदाच्या तळाशी असेल बारीक अक्षरात."

तळाशी बारीक अक्षरात कंपनीचा पत्ता होताच. तो उतरवला असता तर पत्र टपालात पडलं असतं, मालकांनी ते हसून कचऱ्यात टाकलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. कविराजनं पेन टेकवलं. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. ऑफिसातलं नव्हे, घरातलंही नव्हे. शाळेत घालताना ताईनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ते पूर्ण नाव. त्याखाली आपल्या घराचा पत्ता घातला आणि कागद तिच्याकडे सरकवला.

ताईनं वाचलं. "अरे, हे तुझंच नाव घातलंस," ती म्हणाली. "लक्ष कुठे आहे तुझं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. चुकलो नाही, या अर्थानं.

ताईनं पत्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग पर्समधला तो कागद काढून शेजारी ठेवला आणि त्याच्या डोक्यावरची मोठ्या अक्षरातली ओळ बोट ठेवून वाचली, जणू पहिल्यांदाच वाचतेय. बराच वेळ तिचं बोट तिथेच होतं.

"हे मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुला म्हटलं होतं. तू हसला होतास."

तो रडायला लागला. पंचेचाळिशीचा माणूस, नाक पुसायला खिशात रुमालही नव्हता. "ताई, मी..." एवढंच कसंबसं म्हणाला.

ताई उठली. त्याला वाटलं, आता ती दार दाखवणार, आणि दाखवलं तर तो जाणार होता. पण तिनं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आणली आणि त्याच्या डावीकडे, अगदी जवळ ठेवली. उजवा कान त्याच्याकडे येईल अशी ती बसली. त्याच्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सगळं. आणि पुटपुटू नकोस."